कयाकसाठी रॉड किती लांब घ्यावा? : वाचकांचे प्रश्न

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांची पत्रे घेतली आहेत. सर्व पत्रे कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान अरुंद होडीत, बसून गळाने मासे धरण्याविषयीची आहेत आणि बहुतेकांची अडचण रॉडच्या लांबीपाशी येऊन थांबते. म्हणून पहिल्या उत्तरात तो हिशेब विस्ताराने मांडला असून पुढील उत्तरांत त्याची पुनरुक्ती टाळली आहे.

प्रश्न : मी वाईजवळ राहतो. धोम जलाशयाच्या काठावरून ९ फुटी रॉडने रोहू-कटल्यासाठी बरीच वर्षे गळ टाकत आलो आहे. नुकतीच ११ फूट लांबीची, उघडी, वरून बसायची कयाक घेतली. दुकानदार म्हणतात की हाच ९ फुटी रॉड चालेल. मित्राचे म्हणणे असे की कयाकमध्ये ६ फुटांहून लांब रॉड नेऊच नये. नेमका किती लांबीचा रॉड घ्यावा?
— एक वाचक, वाई

उत्तर : आपण ७ फुटी रॉड घ्यावा. ९ फुटी रॉड काठासाठी राहू द्यावा. आपली कयाक ९ फुटांची असती तर मित्राच्या ६ फुटी रॉडचा विचार करता आला असता. हे उत्तर कसे निघाले ते सांगतो, म्हणजे उद्या कयाक बदलली तरी हिशेब आपला आपल्याला करता येईल.

काठावर उभ्या असलेल्या माणसाला लांब रॉड हवा असतो तो मुख्यतः फेक दूर जावी म्हणून. लांब रॉडचा शेंडा मोठ्या कमानीतून फिरतो, त्याला वेग अधिक मिळतो आणि शिसे लांब पडते. शिवाय काठालगतच्या दगडगोट्यांवरून दोरी उंच धरता येते. कयाक आली की ही दोन्ही कारणे जवळजवळ संपतात, कारण जिथे आमिष पडायला हवे तिथपर्यंत वल्हवत जाता येते आणि वीस-पंचवीस मीटरची फेक पुष्कळ होते. तेव्हा फेकीसाठी म्हणून लांबी विकत घेण्यात अर्थ नाही. कयाकमध्ये लांबी ठरवतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी. मासा कयाकच्या पुढच्या टोकाखालून पलीकडे गेला तर दोरी टोकाला वळसा घालून नेता येते का, ही एक. आणि दमलेला मासा शेवटी हाताच्या टप्प्यात आणता येतो का, ही दुसरी. पहिली गोष्ट लांब रॉड मागते, दुसरी आखूड.

पहिल्या गोष्टीचा अंदाज घरीच घेता येतो. कयाक अंगणात ठेवून तीत नेहमीसारखे बसावे आणि छातीपासून पुढच्या टोकापर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्यावे. ११ फुटी कयाकमध्ये आसन मध्यापेक्षा थोडे मागे असते, त्यामुळे हे अंतर साधारण ६ फूट भरते. हात पुढे ताणला की रीळ धरलेली मूठ छातीच्या दीड ते दोन फूट पुढे जाते. म्हणजे मुठीपासून कयाकचे टोक ४ ते साडेचार फुटांवर उरले. आता रॉडकडे पाहू. त्यावर ७ फूट असे छापलेले असले तरी त्यातला फूटभर किंवा थोडा अधिक भाग रिळाच्या मागे जातो आणि पुढे पावणेसहा फूट उरतात. मासा ओढत असताना हा पुढचा भाग वाकतो, त्यामुळे मुठीपासून शेंड्यापर्यंतचे सरळ अंतर आणखी फूट-सव्वा फुटाने कमी होते, आणि रॉड फार लवचीक असेल तर त्याहूनही जास्त. हाती राहिले साडेचार फूट. ७ फुटी रॉड ११ फुटी कयाकच्या टोकाला जेमतेम वळसा घालतो तो असा. ६ फुटी रॉडचा शेंडा हाच हिशेब केल्यास टोकाच्या अलीकडेच राहतो, आणि ताणलेली दोरी कयाकच्या कडेवर घासू लागते. विणलेली दोरी तिथल्या एखाद्या स्क्रूच्या डोक्यावर किंवा कडीवर आली की तुटायला क्षणही लागत नाही.

प्रत्यक्षात हे कसे घडते तेही पाहा. रोहू किंवा कटला गळाला लागला की पहिली धाव बहुधा खोल पाण्याकडे घेतो आणि त्या वेळी रॉडच्या लांबीचा फारसा प्रश्न येत नाही, कारण हलकी कयाक मासा ओढील त्या दिशेला स्वतःच तोंड फिरवते. अडचण होते ती मासा दमून वर आल्यानंतर. कयाकची सावली किंवा वल्ह्याची हालचाल दिसताच तो एकदम बुडी मारून तळाखालून पलीकडे निघतो. त्या क्षणी रॉड वर उचलून मासा रोखण्याचा मोह होतो. तसे करू नये. शेंडा वीत-दोन विती पाण्यात बुडवावा म्हणजे दोरी कयाकच्या तळाला टेकत नाही, ड्रॅग (रिळातून दोरी किती ताणाने सुटावी ते ठरवणारा ब्रेक) किंचित सैल करावा, कमरेतून पुढे वाकून हात ताणावा आणि शेंडा टोकाच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला आणावा. शेंडा टोकाच्या पुढे जाऊ शकला तरच या साऱ्याचा उपयोग आहे.

मग ९ फुटी रॉड का नको, असे आपण विचाराल, कारण तो तर टोकाला सहज वळसा घालील. तो अडतो दुसऱ्या गोष्टीपाशी. मासा हातजाळ्यात घ्यायचा तर तो आपल्या मांडीच्या बाजूला, हातभर अंतरात यायला हवा. ९ फुटी रॉडचा शेंडा मुठीपासून सात-साडेसात फुटांवर असतो आणि मासा त्या शेंड्याखाली असतो. त्याला जवळ आणायचे तर रॉड धरलेला हात डोक्याच्या मागे न्यावा लागतो. काठावरचा माणूस अशा वेळी दोन पावले मागे सरतो, पण आपल्याला पाठीमागे सरायला जागा नाही. रॉड उभा होतो, वाकण्याचा सगळा ताण शेंड्याजवळच्या बारीक भागावर येतो, आणि कार्बनचे रॉड नेमके अशाच वेळी मोडतात. माशाच्या वजनाने रॉड मोडला असे लोक सांगतात, पण पुष्कळदा मोडण्याचे कारण कोन असतो. बसल्या जागी ९ फुटी रॉड सांभाळणे म्हणजे लहान पातेल्यात लांब दांड्याचा डाव फिरवण्यासारखे आहे.

७ फुटी रॉडने मासा घेताना शेंड्यापासून साधारण पाच-साडेपाच फूट दोरी बाहेर ठेवावी, रीळ आणखी गुंडाळू नये, आणि रॉड माशाच्या विरुद्ध बाजूला तिरपा मागे न्यावा. मासा आपोआप बाजूला येतो आणि दुसरा हात जाळ्यासाठी मोकळा राहतो. हातजाळ्याचा दांडा दोन फुटांचा असला की पुरे.

लांबीचा संबंध तोलाशीही आहे. रॉड कयाकच्या बाजूला आडवा धरला असताना मासा खाली ओढू लागला तर तो ओढा शेंड्याच्या अंतराइतका बाहेरून लागतो, आणि रॉड जितका लांब तितकी कयाक त्या बाजूला अधिक कलते. म्हणून मोठा मासा लागल्यावर रॉड शक्यतो पुढच्या दिशेला रोखलेला असावा, बाजूला नव्हे. कृत्रिम आमिष खेळवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. कयाकमध्ये आपला खांदा पाण्यापासून फार उंच नसतो. शेंडा खाली करून झटके द्यायचे म्हटले की साडेसात फुटांपुढचा रॉड दर झटक्याला पाण्यावर आपटतो.

इतके असूनही ६ फुटी रॉड मी सुचवत नाही, त्याला कयाकच्या टोकाखेरीज दुसरेही कारण आहे. मासा आमिष घेतो तेव्हा दोरीत बहुधा ढील असते. उभा माणूस पाऊल मागे टाकून ती काढून घेतो. बसलेल्या माणसाजवळ त्यासाठी रॉडचा हिसका एवढेच साधन असते, आणि लांब रॉड एका हिसक्यात अधिक ढील ओढून घेतो. लांबून लागलेला मासा निसटला, गळ नीट रुतलाच नव्हता, अशी तक्रार आखूड रॉड वापरणाऱ्यांकडून जास्त ऐकू येते.

लांबी ठरली तरी ताकद आणि लवचीकपणा पाहायचा राहतो. आपल्यासारख्या पिठाच्या गोळ्यावर किंवा पेंडीवर रोहू-कटला धरणाऱ्याने मध्यम ताकदीचा आणि निम्म्या लांबीपर्यंत वाकणारा रॉड घ्यावा. या माशांचे ओठ मऊ असतात, आणि फार ताठ रॉडने जवळच्या अंतरात जोर लावला की गळ ओठ फाडून बाहेर येतो. रॉडवर रिळाजवळ दोरीची मर्यादा पौंडांत छापलेली असते. १० ते २० पौंड असे लिहिलेला रॉड आपल्या कामाला योग्य आहे, आणि त्यावर २० पौंडांहून जाड दोरी लावून रॉडची ताकद वाढत नाही.

धोममध्ये उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडीत क्षेत्रातले बाभळींचे खुंट आणि जुने बांध वर येतात, आणि दुपारनंतर जलाशयावर वारा चांगलाच सुटतो. अशा वेळी आडव्या वाऱ्यात गळ टाकण्यापेक्षा सकाळी लवकर जाऊन ऊन चढायच्या आत परतावे. जलाशयातील मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. कयाक पाण्यात घालण्याआधी त्यांची आणि जलसंपदा खात्याची परवानगी विचारून घ्यावी. भिंतीच्या आणि दरवाजांच्या जवळ जाऊ नये, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आम्ही सांगलीजवळ कृष्णेत, जलपर्णीच्या कडेने मरळ धरतो. आता मित्राची कयाक मिळाली आहे. काठावरची झाडे पाण्यावर झुकलेली असल्यामुळे रॉड अडकतो. साडेपाच फुटी रॉड घेतला तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : साडेपाच फूट फारच आखूड होईल; साडेसहा फूट घ्यावा. झाडाखाली फेकायचे असेल तर रॉड डोक्यावरून न फिरवता कमरेच्या उंचीवर आडवा फिरवावा, म्हणजे आमिष पाण्याला समांतर जाऊन फांदीखाली शिरते. अशी फेक साडेसहा फुटी रॉडने बसल्या बसल्या सहज जमते. सात फुटी रॉडचा शेंडा खालच्या बाजूला पाण्याला लागू लागतो, म्हणून तुमच्या कामाला अर्धा फूट कमी केलेला बरा.

मरळीसाठी मात्र लांबीपेक्षा ताकद महत्त्वाची आहे. बेडकाच्या आकाराचे रबरी आमिष जलपर्णीवरून सरकवत आणले की मरळ खालून ते घेते आणि लगेच मुळांच्या जाळ्यात शिरते. तिला तिथून काढायला ताठ, जड ताकदीचा रॉड आणि ४० पौंडांच्या आसपासची विणलेली दोरी लागते. मासा दिसला म्हणून लगेच हिसका देऊ नये, आमिष पूर्ण तोंडात जाऊ द्यावे. काठावरून आपण माशाला जलपर्णीतून ओढून आणतो. कयाकमध्ये पुष्कळदा उलटे होते, म्हणजे मासा जागेवर राहतो आणि कयाक त्याच्याकडे ओढली जाते. यात घाबरण्यासारखे काही नाही. दोरी गुंडाळत कयाक त्याच्या वर नेऊन थांबवावी आणि तिथून बसूनच त्याला सरळ वर उचलावे. जलपर्णीसकट चार-पाच किलोंचा गोळा वर येतो, म्हणून हा उचल रॉडच्या मुठीकडच्या जाड भागावर घ्यावा, शेंड्यावर नव्हे.

दोन धोक्यांची सूचना या उत्तरात केलीच पाहिजे. कृष्णेच्या दोन्ही तीरांना उपसा सिंचनाचे पंप आहेत, त्यांच्या विजेच्या तारा काठावरून, कधी कधी अगदी खालून गेलेल्या असतात. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. रॉड धारकात उभा ठेवून वल्हवत असताना तो तारेला लागू शकतो, म्हणून अशा ठिकाणी रॉड आडवे ठेवूनच पुढे जावे. दुसरा धोका मगरींचा. भिलवडी, औदुंबर, दिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे, आणि कयाकमध्ये बसलेल्या माणसाचा हात पाण्यापासून हातभरच वर असतो. माझ्या मते या पट्ट्यात कयाक घालूच नये, इथले मासे काठावरून, पाण्यापासून अंतर राखून धरावेत. अन्यत्रही धरलेले मासे दोरीत ओवून कयाकच्या बाजूला पाण्यात लोंबकळत ठेवू नयेत.

प्रश्न : माझा रॉड ७ फुटी आहे, म्हणजे लांबी योग्यच आहे. तरी प्रत्येक फेकीला मागचा दांडा लाईफ जॅकेटला अडकतो. लाईफ जॅकेट काढून ठेवले तर काम होते. काय करावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : लाईफ जॅकेट काढू नये. दांडा बदलावा.

आपला रॉड बहुधा दोन्ही हातांनी, काठावरून फेकण्यासाठी बनवलेला आहे. अशा रॉडचा रिळामागचा दांडा १४ ते १६ इंचांचा असतो, आणि उभे असताना तो काखेत किंवा पोटाशी टेकवून चालतो. बसल्यावर तोच दांडा जॅकेटच्या पुढच्या फुगवट्यावर आणि आसनाच्या पाठीवर आपटतो. कयाकसाठी रिळाच्या मुठीपासून मागे साधारण ९ ते १० इंच दांडा पुरतो. मोजण्याची सोपी रीत अशी की रॉड हातात धरून दांडा हाताच्या आतल्या बाजूला टेकवावा. त्याचे टोक कोपराच्या फार पुढे जात नसेल तर तो कयाकला चालतो. रॉड खरेदी करताना एकूण लांबीच्या जोडीला हे मापही विचारावे, कारण दोन ७ फुटी रॉडमध्ये या मापात चार-पाच इंचांचा फरक सहज असतो आणि तितका फरक कयाकच्या टोकाला वळसा घालण्याच्या हिशेबात उतरतो.

जुना रॉड कामास आणायचाच असेल तर दांडा कापता येतो. त्यासाठी मागची रबरी टोपी काढून, बारीक दातांच्या करवतीने हळूहळू कापावे आणि टोपी पुन्हा चिकटवावी. कापल्यावर रॉडचा तोल पुढे झुकतो, हे ध्यानात ठेवून एकदम पाच इंच न काढता आधी दोन इंच काढून पाहावे. कार्बन कापताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे.

प्रश्न : मी दुचाकीवरून नदीवर जातो. एकात एक शिरणारा, घडी होणारा रॉड कयाकमध्ये चालेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : चालेल, पण मी दोन तुकड्यांचा रॉड घ्यायला सांगेन. ७ फुटी रॉड दोन भागांत केला की प्रत्येक भाग साडेतीन फुटांचा होतो आणि तो पाठीवरच्या लांब पिशवीत किंवा गाडीला बांधून नेता येतो. एकात एक शिरणाऱ्या रॉडचे सांधे अनेक असतात; कयाकमध्ये रॉड सतत ओल्या तळावर, वाळूवर पडतो, त्या वाळूने सांधे घासतात आणि काही महिन्यांतच भाग घट्ट बसत नाहीत किंवा उघडतच नाहीत. शिवाय त्याच्या दोरी ओवायच्या कड्या कमी असतात, त्यामुळे रॉड वाकल्यावर दोरी कड्यांमधल्या भागात रॉडला घासते. असाच रॉड आपल्याजवळ असेल तर परत आल्यावर तो गोड्या पाण्याने धुऊन, उघडा ठेवून वाळवावा, आणि कयाकमध्ये कमीत कमी वेळा बंद-उघड करावा.

दोन तुकड्यांचा रॉड जोडताना कड्या एका रेषेत आहेत का ते बघून घ्यावे आणि दर तासा-दोन तासांनी सांधा हाताने दाबावा, कारण फेकताना तो सैल होत जातो आणि शेंडा निसटून पाण्यात गेला तर तो परत मिळत नाही.

प्रश्न : माझी उंची ५ फूट आहे आणि मुलगा १२ वर्षांचा आहे. कण्हेरच्या पाण्यात आम्ही दोघे मिळून एकाच दोन आसनी कयाकमध्ये जाणार आहोत. आम्हा दोघांना कोणते रॉड घ्यावेत?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : उंची कमी असली की हाताची पोच कमी होते आणि बसल्यावर खांदा आणखी खाली येतो. त्यामुळे एका बाजूने लांब रॉड हवासा वाटतो आणि दुसऱ्या बाजूने तो जड होतो. आपण साडेसहा फुटी, हलक्या वजनाचा, मध्यम ताकदीचा रॉड घ्यावा. कयाकच्या टोकाची काळजी आपणांस कमी आहे, कारण दोन आसनी कयाकमध्ये मागे बसणाऱ्याला पुढच्या टोकापर्यंत पोहोचता येतच नाही. मासा खालून गेला तर पुढच्या माणसाने वल्ह्याने कयाक फिरवून घ्यावी, इतकाच मार्ग आहे. त्यासाठी पुढे मुलाने बसावे आणि मागून आपण कयाक सांभाळावी, म्हणजे तो आपल्या डोळ्यांपुढे राहील.

मुलाला ५ ते साडेपाच फुटी रॉड द्यावा, बारीक दोरीचा, कारण त्याच्या गळाला बहुधा चिलापी लागणार आणि तिच्यासाठी मोठ्या ताकदीची गरज नाही. मात्र दोघांनी एकाच वेळी रॉड मागे फिरवू नये. मागच्या माणसाने फेकताना पुढच्याच्या डोक्याजवळून गळ जातो, म्हणून फेक नेहमी बाजूला, आणि फेकण्यापूर्वी तोंडाने सांगून. दोघांनीही लाईफ जॅकेट घातलेले असावे आणि मुलाच्या मापाचे वेगळे आणावे.

प्रश्न : चांदोलीच्या किंवा कोयनेच्या पाण्यात महाशीर धरण्यासाठी कयाकमधून किती फुटी रॉड लागेल?
— एक वाचक, शिराळा

उत्तर : तिथे रॉडच्या लांबीचा प्रश्न येतच नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि संरक्षित क्षेत्रातील पाण्यात गळ टाकणे कायद्याने बंद आहे. वसंत सागर (चांदोलीचा जलाशय) आणि शिवसागर (कोयनेचा जलाशय) यांचा बराच भाग या क्षेत्राला लागून किंवा त्याच्या आत आहे. सीमेवरील पाण्याबद्दल वन खात्याकडे लेखी विचारणा केल्यावाचून कयाक उतरवू नये.

संरक्षित क्षेत्राबाहेर, परवानगी असलेल्या वाहत्या पाण्यात महाशीर धरून सोडून द्यायचा असेल, तर ७ ते साडेसात फुटी, मध्यम-जड ताकदीचा रॉड पुरतो. गळाची उलटी टोके चिमट्याने दाबून टाकावीत म्हणजे मासा लवकर सुटतो. महाशिराची पहिली धाव फार जोराची असते, आणि वाहत्या पाण्यात कयाक नांगरून उभी असताना ती धाव आडवी आली तर कयाक उलटू शकते. म्हणून नांगराच्या दोरीला झटकन सुटणारी गाठ असावी, किंवा नांगर नसावाच.

प्रश्न : दुकानात रॉड उभ्याने हातात घेतला की चांगला वाटतो आणि कयाकमध्ये बसलो की जड. दुकानात पारख कशी करावी?
— एक वाचक, पलूस

उत्तर : दुकानात खाली बसावे. दुकानदारांना थोडे चमत्कारिक वाटेल, पण जमिनीवर पाय पसरून, पाठ ताठ ठेवून बसल्यावरच कयाकमधली स्थिती येते. जाताना आपले रीळ बरोबर न्यावे आणि ते बसवूनच रॉड हातात घ्यावा, कारण रिळाविना प्रत्येक रॉड पुढे झुकतो. रिळाच्या थोड्या पुढे एका बोटावर रॉड तोलून पाहावा. तो तिथे स्थिर राहिला तर सबंध सकाळ धरून मनगट दुखणार नाही. शेंडा फार खाली जात असेल तर तो लांबीला योग्य असूनही घेऊ नये. त्यापेक्षा अर्ध्या फुटाने आखूड पण तोल साधणारा रॉड बरा.

मग रॉड पुढे रोखून हात ताणावा आणि दुकानदारांना शेंडा हलकेच खाली ओढायला सांगावे, म्हणजे वाकलेल्या रॉडची खरी पोच किती उरते ते दिसते. घरी मोजून आणलेले कयाकच्या टोकाचे अंतर त्याच वेळी टेपने ताडून घ्यावे. ऑनलाईन मागवणाऱ्यांना हे करता येत नाही. त्यांनी निदान रॉडचे वजन, दांड्याची लांबी आणि बंद केल्यावरची लांबी ही तीन मापे वाचूनच मागणी नोंदवावी, आणि ती दिलेली नसतील तर विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावीत.